खेळण्यातला शेंदूर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पांगुळगाडा खाली आला. तीन चाकांचा, सागवानी, लाल आणि पिवळ्या रंगाचा. आमच्या मामंजींनी तो १९५० साली गावच्या सुताराकडून करवून घेतला होता. घरात नवे मूल उभे राहू लागले की मामंजी बाजारातून रंगाचा लहान डबा आणत, ओसरीवर बसून गाड्याला नवा हात देत आणि तळाच्या फळीवर त्या मुलाचे नाव घालत. तळाशी अकरा नावे आहेत. वरच्या दांड्यावर दातांच्या खुणा आहेत. त्या कोणाकोणाच्या, हे आता सांगता येणार नाही.

बारावे नाव घालायची वेळ आली होती. नात दहा महिन्यांची, धरून उभी राहणारी. मी गाडा फडक्याने पुसत असताना सून जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, याचा रंग कुठला आहे?"

मला राग आला. मी म्हणाले, "रंग? तुझ्या नवऱ्यानं याच दांड्यावर हिरड्या शिवशिवून घेतल्यात."

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली.

दुकानातली चिनी खेळणी ती दहादा उलटून पाहते, वास घेते, खालचा शिक्का वाचते, हे मी पाहिले होते आणि मला पटतही होते. परदेशातून आलेल्या, कोणी केले ठाऊक नसलेल्या वस्तूचा संशय घ्यावा, हे साहजिक आहे. पण घरच्या माणसाने, घरच्या मुलासाठी, हाताने रंगवलेल्या वस्तूचा संशय? तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी वाचू लागले. हा लेख त्या वाचनातून झाला. खेळण्यांतल्या विषाची भीती ही अलीकडची, टीव्हीने लावलेली खोड असावी असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती दोनशे वर्षे जुनी निघाली, आणि त्या दोनशे वर्षांत आईबापांना मिळालेली उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहेत.

चार रंग

आपल्याकडच्या जुन्या चिताऱ्यांच्या वाट्यांत चार रंग हटकून असत : शेंदूर, सफेदा, हिंगूळ आणि हरताळ. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसे हवेत भाजून तो करतात. सफेदा म्हणून पूर्वी जो पांढरा रंग मिळे तो शिशाचा कार्बोनेट. आज त्या नावाखाली बहुधा जस्ताचा पांढरा मिळतो. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळ म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक, आणि गंधक. पोथीत अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. शिशाशी आपल्या भाषेची ओळख इतकी जुनी आहे की ज्या वस्तूत शिसे मुळीच नाही तिलाही आपण शिसपेन्सिल म्हणतो. तिच्या पोटात ग्राफाइट असते. शिसे असलेच तर बाहेरच्या चकचकीत रंगात, म्हणजे मुले चावतात तिथे असू शकते.

शिशाचे रंग जगभर लोकप्रिय झाले याला सबळ कारणे होती. ते एका हातात झाकतात, लवकर वाळतात, पावसाला टिकतात, आणि त्यांचा लाल-पिवळा उजळपणा दुसऱ्या स्वस्त रंगाला येत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांत शिशाच्या क्रोमेटचा झगझगीत पिवळा आला. त्याआधी, १७७५ मध्ये, स्वीडनच्या कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि आर्सेनिक यांपासून हिरवा रंग केला होता. तो भिंतीच्या कागदांवर, कृत्रिम फुलांवर आणि खेळण्यांवर चढला.

मूल मात्र रंग डोळ्यांनी पाहून थांबत नाही. हातात आलेली वस्तू ते आधी तोंडात घालते. जगाची ओळख करून घेण्याची ती त्याची रीत आहे. त्यात शिशाच्या काही क्षारांची चव गोडसर. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते, हाडांत साठवते, मेंदूपर्यंत पोचू देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. जे मूल सर्वांत जास्त चाटते, तेच सर्वांत जास्त शोषते. सगळी अडचण इथे आहे.

लंडनची मिठाई, जर्मनीचा कायदा

या गोष्टीची सुरुवात मी जिथे शोधत होते तिथे नव्हती. ती मिठाईत सापडली. १८३१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरचा लेख आला. लंडनच्या रस्त्यांवर मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत गोळ्या त्याने विकत आणून तपासल्या होत्या. तांबड्या गोळ्यांत त्याला शेंदूर आणि हिंगूळ सापडले, पिवळ्यांत शिशाचा क्रोमेट, हिरव्यांत तांबे. दोनच वर्षांनी हा ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्यानेच उभारले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो तारायंत्रामुळे येतो. मुलांच्या गोळ्या तपासणारा ओशॉनेसी फारसा कोणाला माहीत नाही.

खेळण्यांचा उल्लेख कायद्यात स्पष्टपणे येतो तो जर्मनीत. ५ जुलै १८८७ रोजी तिथे खाद्यपदार्थ आणि रोजच्या वापराच्या वस्तूंमधील घातक रंगांविषयी कायदा झाला. त्यात आर्सेनिक, शिसे, पारा, कॅडमियम अशी यादी देऊन, काही सवलती ठेवून, हे रंग खेळण्यांसाठी आणि चित्रांच्या पुस्तकांसाठीही वापरण्यास बंदी केली. न्यूरेंबर्गची पत्र्याची खेळणी आणि झोनेबर्गच्या बाहुल्या त्या काळी जगभर जात. आजच्या चीनचे खेळण्यांच्या बाजारातले स्थान तेव्हा जर्मनीचे होते. खेळण्यातला रंग विषारी असू शकतो आणि त्याला कायद्याने आवर घालता येतो, हे १८८७ साली लेखी झाले होते. त्यानंतर जे घडले त्याला अज्ञानाचे कारण पुरत नाही.

ब्रिस्बेनचे कठडे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताची राजधानी ब्रिस्बेन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मुलांच्या रुग्णालयात काही विचित्र रुग्ण येऊ लागले. मुलांना उलट्या, पोटशूळ, हातापायांतली शक्ती गेलेली, काहींची दृष्टी अधू. डॉ. जेफरीस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९२ मध्ये हे शिशाचे विष असल्याचे मांडले. पण शिसे येते कुठून? पाण्याच्या टाक्यांवर संशय गेला, भांड्यांवर गेला.

उत्तर मिळाले ते डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांना. ते डोळ्यांचे डॉक्टर. १९०४ मध्ये त्यांनी लिहिले की हे विष मुलांच्या स्वतःच्या घरात आहे. ब्रिस्बेनची घरे लाकडी, त्यांना मोठे व्हरांडे, व्हरांड्याला रंगवलेले कठडे. तिथल्या कडक उन्हात सफेद्याच्या रंगाची भुकटी होते. मूल कठडा धरून उभे राहते, भुकटी हाताला लागते, हात तोंडात जातो. अंगठा चोखणारी, नखे खाणारी मुले अधिक आजारी पडत होती.

आपल्याच घरच्या कठड्याने मूल आजारी पडावे, हे पालकांना पटणे अवघड होते. डॉक्टरांच्या व्यवसायातही शंका घेणारे पुष्कळ होते, कारण इतर ठिकाणी असे रुग्ण दिसत नव्हते. खरे तर तिथे कोणी शोधत नव्हते. अखेर १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यास कायद्याने मनाई केली. पहिल्या शोधनिबंधापासून कायद्यापर्यंत ३० वर्षे गेली. व्हरांड्यात रांगणारे मूल तेवढ्यात स्वतः आईबाप होते.

पाळण्याचा दांडा

अमेरिकेत १९१४ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हेन्री टॉमस आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या आवरणाचा दाह समजून त्याच्यावर उपचार झाले. नंतर कळले की आपल्या पलंगाच्या दांड्यावरचा पांढरा रंग तो दातांनी कुरतडत असे. तो वाचला नाही.

हे वाचताना मला आमच्या गाड्याचा दांडा दिसत होता, हे कबूल केले पाहिजे.

यानंतरची पन्नास वर्षे दोन समांतर रेषांनी जातात. एका रेषेवर वैद्यकीय अहवाल आहेत : पाळणे, खिडक्या, रंगवलेली खेळणी, एकामागून एक. दुसऱ्या रेषेवर जाहिराती आहेत. नॅशनल लेड कंपनीने आपल्या पांढऱ्या रंगासाठी 'डच बॉय' नावाचा एक गोंडस मुलगाच बोधचिन्ह म्हणून निवडला होता आणि लहान मुलांसाठी त्याची चित्रपुस्तके वाटली जात. १९२८ मध्ये शिशाच्या उद्योगांनी आपली संघटना स्थापन केली. तिच्या बाजूने पुढची अनेक वर्षे जे युक्तिवाद झाले त्यांचे सार असे : निरोगी मूल रंग खात नाही, रंग खाणाऱ्या मुलाला मुळात खोड आहे, आणि ती खोड न मोडणारी आई गरीब, अडाणी आहे. आपल्याकडे माती खाणाऱ्या मुलाच्या आईला जे ऐकावे लागते, तेच इथे वैद्यकीय शब्दांत होते. पालकांचा दोष शोधण्यात वेळ गेला आणि डब्यातला रंग तसाच राहिला.

१९४३ मध्ये बॉस्टनच्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी एक साधे काम केले. शिशाच्या विषबाधेतून 'बरी' होऊन घरी गेलेल्या २० मुलांचा त्यांनी शाळेपर्यंत माग काढला. त्यांतली १९ मुले शाळेत नीट प्रगती करू शकत नव्हती. कोणी शिकलेले विसरत होते, कोणाला एका जागी बसवत नव्हते, कोणी एकाएकी भडकत होते. रुग्णालयाच्या कागदावर ती बरी झालेली होती. शिशाचे विष उतरते आणि मूल पूर्ववत होते, हा समज तिथे मोडला.

१९५५ मध्ये अमेरिकेत खेळण्यांच्या आणि घराच्या आतल्या रंगात शिसे एक टक्क्याहून जास्त नसावे असे मानक ठरले. ते ऐच्छिक होते. सक्तीची बंदी १९७८ मध्ये आली, तेव्हा मर्यादा ०.०६ टक्के ठरली.

दुधाचे दात

मग रंग खाल्ला नाही, विषबाधेची लक्षणे दिसली नाहीत, पण थोडे थोडे शिसे पोटात जात राहिले, तर? हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या दुधाच्या दातांत शोधले. रक्तातले शिसे काही आठवड्यांत उतरते, दातात ते साठून राहते. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात. नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे दात गोळा केले. १९७९ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला : वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांतही, ज्यांच्या दातांत शिसे जास्त त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि शिक्षकांनी नोंदवलेली चंचलता जास्त. पुढे नीडलमन यांच्यावर संशोधनात गैरप्रकार केल्याचा आरोप झाला. चौकशीत ते निर्दोष ठरले.

या संशोधनाचा परिणाम एका आकड्यात पाहता येतो. अमेरिकेत मुलाच्या एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम शिसे असेपर्यंत चिंता नाही, असे १९६०च्या दशकात मानत. ती रेषा खाली येत येत १९९१ मध्ये १० वर आली, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आजची भूमिका आहे. ज्या मुलाला १९६५ साली डॉक्टरने 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवले असते, त्याच मुलासाठी आज धावाधाव झाली असती. मूल तेच, शिसे तेच. आपली नजर सुधारली.

लाल इंजीन

१९८०च्या दशकापासून खेळण्यांचे कारखाने अमेरिका-युरोपातून उठून दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गेले. २००७ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी सुमारे ८० टक्के चीनमध्ये तयार होत. आईबापांची पिढी मात्र १९७८ नंतरच्या कायद्याच्या छायेत वाढलेली होती. शिशाचा प्रश्न सुटला, असे तिला वाटत होते.

फेब्रुवारी २००६ मध्ये मिनिआपोलिस इथे चार वर्षांचा एक मुलगा दगावला. बुटांच्या जोडाबरोबर फुकट मिळालेल्या साखळीतले बदामाच्या आकाराचे लहानसे पदक त्याने गिळले होते. ते जवळजवळ शुद्ध शिशाचे निघाले. त्याच्या रक्तात डेसिलिटरला १८० मायक्रोग्रॅम शिसे होते. अशा सुमारे तीन लाख साखळ्या परत मागवाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात रांगच लागली. जून २००७ मध्ये 'थॉमस अँड फ्रेंड्स'च्या लाकडी आगगाडीचे १५ लाख भाग परत मागवले गेले. त्यांत जेम्स नावाचे लाल इंजीन होते. २ ऑगस्टला मॅटेल कंपनीने अमेरिकेत विकलेली ९ लाख ६७ हजार खेळणी परत मागवली. ती फोशान शहरातल्या एका कारखान्यात झाली होती. त्या कारखान्याच्या मालकाने काही दिवसांतच आत्महत्या केली. १४ ऑगस्टला मॅटेलची दुसरी, अधिक मोठी यादी आली. नोव्हेंबरमध्ये पाण्याने चिकटणारे मणी परत मागवले गेले. त्यांतला एक स्वस्त पदार्थ मुलाच्या पोटात गेला की गुंगी आणणाऱ्या औषधात बदलत होता.

'चिनी विष' हा शब्दप्रयोग त्या वर्षी जगभर झाला. पण तपशील पाहिला की चित्र गुंतागुंतीचे होते. मॅटेलने त्या उन्हाळ्यात मागे घेतलेल्या खेळण्यांपैकी बहुसंख्य खेळणी शिशामुळे मागे आली नव्हती. त्यांतली लहान लोहचुंबके सुटून मुलांच्या पोटात जाण्याचा धोका होता, आणि तो दोष कंपनीच्या स्वतःच्या रचनेतला होता. सप्टेंबरमध्ये मॅटेलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन चीनची माफी मागितली, तेव्हा ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली. शिशाच्या रंगाची साखळी लांबलचक होती : ब्रँड अमेरिकेचा, ठेकेदार हाँगकाँगचा, कारखाना फोशानचा, रंग देणारा आणखी तिसरा. प्रत्येकाने पुढच्याला थोडे कमी पैसे द्यायचे. सगळ्यात शेवटच्या माणसाने स्वस्त रंग वापरला आणि सगळ्यात पहिल्याने तो तपासला नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग ठरली, प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या काही थॅलेट रसायनांवर बंदी आली आणि त्रयस्थ प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. थॅलेटच्या बाबतीत युरोपने १९९९ मध्येच तातडीची बंदी घातली होती. या कायद्याचा एक अनपेक्षित फटका वाचकांना सांगण्याजोगा आहे. १९८५ पूर्वी छापलेल्या बालपुस्तकांच्या शाईत शिसे असू शकते, म्हणून ग्रंथालयांतली आणि जुन्या बाजारातली पुस्तके संशयित ठरली. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन पुस्तके सुटली. घरी लाकडी खेळणी करणाऱ्या लहान कारागिरांनाही तपासणीचा खर्च झेपेना. चूक मोठ्यांची होती आणि तिचे ओझे आधी लहानांवर आले.

आपल्याकडे

भारतात शिशाचा मोठा स्रोत खेळणी नव्हती. १९९९ मध्ये बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांत रक्ततपासणी केली, तेव्हा बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले. त्यात पेट्रोलमधल्या शिशाचा वाटा मोठा होता, आणि २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. मग लक्ष इतरत्र गेले. 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारांतून बिनब्रँडची खेळणी घेऊन तपासली. मऊ प्लॅस्टिकच्या नमुन्यांत शिसे आणि कॅडमियम कमीअधिक प्रमाणात सर्वत्र सापडले. २०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने २४ खेळण्यांत थॅलेट तपासले. ४५ टक्के नमुने युरोपच्या मर्यादेबाहेर होते.

दरम्यान २३ जानेवारी २००९ रोजी सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली. चीनने जागतिक व्यापार संघटनेत जाण्याची भाषा केली. मार्चच्या सुरुवातीलाच बंदी सैल झाली आणि आंतरराष्ट्रीय मानकांचे प्रमाणपत्र असलेल्या खेळण्यांना वाट मोकळी झाली. बंदी खेळणी पाहून घातली की व्यापार पाहून, हा वाद तेव्हाही झाला.

देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळण्याला सक्तीचे मानक मिळायला आणखी बारा वर्षे लागली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरात १२१ प्रकारची खेळणी तपासली. सुमारे दोन तृतीयांश नापास झाली. २०२० च्या फेब्रुवारीत आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले, त्याच महिन्यात गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून, देशी असो वा विदेशी, प्रत्येक खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. शुल्क आणि मानक दोन्ही एकदम आल्यामुळे लोकांच्या मनात त्यांचा एकच अर्थ झाला : बाहेरचे ते विषारी, आपले ते शुद्ध. शुल्काने खेळणे महाग होते, सुरक्षित होत नाही. सुरक्षित होते ते तपासणीने, आणि तपासणीला खेळण्याचा देश कळत नाही.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या आदेशातून सूट मिळाली. सावंतवाडीच्या चितारी आळीत लाकडी फळे, भातुकली, पांगुळगाडे करणाऱ्यांसारख्या हातांना प्रत्येक नमुन्याच्या तपासणीचा खर्च परवडला नसता, हे खरेच आहे. लाखेचे काम आणि वनस्पतीजन्य रंग हा आपल्या कारागिरीचा मोठा ठेवा आहे. पण परंपरेच्या वाटीत शेंदूर आणि हरताळही होते, आणि गेल्या शतकात कारागिराच्या हाती हार्डवेअरच्या दुकानातला डबाही आला. त्या डब्यातल्या शिशावर आपल्या देशात कायद्याची मर्यादा, ९० भागांची, लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ रोजी. त्याआधी विकत घेतलेल्या रंगात किती शिसे आहे, हे कारागिराला सांगायला कोणी बांधील नव्हते. सूट देणाऱ्या सरकारनेच कारागिराचा रंग फुकट तपासून दिला, तर सूट आणि सुरक्षितता दोन्ही साधतील.

पांगुळगाडा

आमचा गाडा शेवटी तपासला. सुनेला आधी वाटले होते, पॉलिश पेपरने घासून रंग काढावा आणि नवा द्यावा. ओळखीच्या एका रसायनाच्या प्राध्यापकांनी फोनवरच थांबवले. जुना रंग घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि मुलासाठी धूळ ही रंगाच्या पापुद्र्याहून वाईट. त्यांनी गाडा प्रयोगशाळेत मागवला. पिस्तुलासारखे दिसणारे एक यंत्र दांड्यावर टेकवले. क्ष-किरणांनी पापुद्र्यातले धातू मोजणाऱ्या त्या यंत्राला अर्धा मिनिटही लागले नाही. लाल रंगात शिसे होते, आजच्या मर्यादेच्या कितीतरी पट. पिवळ्यात त्याहून जास्त.

मामंजींनी दरवेळी चांगल्यातला डबा आणला असणार. स्वस्तातला रंग नातवंडाच्या गाड्याला लावणारे ते नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पारखून घेतला असेल, वास घेतला असेल, बोटावर घासून पाहिला असेल. आज सून दुकानात उभी राहून तेच करते. दोघांच्याही हाती तेवढेच होते. शिसे दिसत नाही, त्याला वास नाही, आणि चव आहे ती मुलालाच कळते. ब्रिस्बेनच्या आयांना कठड्याची भुकटी दिसत होती. त्यात काय आहे हे दिसत नव्हते. दोनशे वर्षे आईबापांना सांगितले गेले की लक्ष ठेवा. जे नजरेला दिसतच नाही त्याच्यावर लक्ष कसे ठेवायचे, हे सांगितले नाही. अर्ध्या मिनिटाचे ते यंत्र प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, आणि खेळणे घेऊन तिथे जाता येईल, त्या दिवशी लक्ष ठेवा म्हणण्याला अर्थ येईल.

घरी आल्यावर मी सुनेला म्हटले, "तू विचारलंस ते बरं केलंस." ती काही बोलली नाही. मुलाने आपल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी का, याची थोडी चर्चा झाली. वयाच्या पंचेचाळिशीत कळून काय करायचे, असे म्हणून त्याने विषय बदलला. मला मात्र लहानपणीची त्याची प्रगतिपुस्तके आठवली. 'एका जागी बसत नाही' असा शेरा त्यांत दोन-तीनदा आहे. त्याचा गाड्याशी काही संबंध असेलच असे नाही. बहुतेक मुले एका जागी बसत नाहीत. पण बायर्स आणि लॉर्ड यांचा निबंध वाचल्यापासून तो शेरा मला पूर्वीसारखा वाचता येत नाही.

गाडा आता प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवला आहे. नातीसाठी नवा आणला : बिनरंगाचा, नुसत्या लाकडाचा. तिने पहिल्याच दिवशी त्याचा दांडा तोंडात घातला. तळाशी तिचे नाव मी रंगाने घातले नाही. मुलाने ते पटाशीने कोरले.